पाचव्या सामन्याचा डबा

पत्र: "आम्ही सिडनीच्या पश्चिम भागात राहतो. मुलगा १३ वर्षांचा आहे. मित्रांच्या नादाने रग्बी युनियनकडे वळला आणि यंदा जिल्ह्याच्या १४ वर्षांखालील संघात हूकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) म्हणून निवडला गेला. जूनच्या लाँग वीकेंडला स्पर्धा आहे. शनिवारी दोन सामने, रविवारी दोन आणि संघ टिकला तर सोमवारी फायनल. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, त्यांनाही यायचंय. घरात सगळं शाकाहारी. मिस्टर मैदानाच्या कडेला इतके ओरडतात की मागच्या वेळी मॅनेजरने येऊन सांगितलं. मुलाला फायनलला बाकावर बसवलं तर? डोक्याला लागलं तर? मला झोप नाही. रविवारी मुलीचा भरतनाट्यमचा क्लास असतो, तो बुडवावा का?" – एक आई, वेस्टमीड

ताई,

तुमचं सगळं पत्र सोमवारभोवती फिरतंय, म्हणून आधी सोमवारपासून उलटं मोजू. फायनल हा तुमच्या मुलाचा तीन दिवसांतला पाचवा सामना असेल. सामना चालू असतो तेवढा वेळ तो कोचच्या ताब्यात असतो. दोन सामन्यांमधले अडीच-तीन तास, दोन रात्री आणि सकाळचा पहिला तास मात्र घरच्यांच्या ताब्यात असतो. सोमवारी पाय उचलत नाहीत अशी मुलं बहुतेक वेळा शनिवारी दुपारीच संपलेली असतात. पहिला सामना झाला, कॅन्टीनमधून गरम चिप्सचं एक खोकं खाल्लं, ओल्या मोज्यांनीच दोन तास दुसऱ्या मैदानावरच्या मित्रांची मॅच पाहत उभी राहिली, की झालं.

तेव्हा डब्यापासून सुरुवात. शाकाहारी असल्याने काही अडत नाही, फक्त क्रम सांभाळायचा. शुक्रवारी रात्री वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी असं साधं पोटभर जेवण. मटकीची उसळ, राजमा, छोले हे तीन दिवस बंद. एरवी हे पदार्थ उत्तमच, पण स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या फळ्या वाकून खांदे भिडवून एकमेकींना रेटतात तेव्हा, हूकर दोन प्रॉपच्या (त्याच्या दोन्ही बाजूंच्या खेळाडूंच्या) मध्ये घट्ट आवळला जातो आणि फुगलेलं पोट घेऊन तिथे वाकणं ही शिक्षा असते. सामना ९ला असेल तर नाश्ता साडेसहाला. दोन वाट्या पोहे किंवा उपमा, तेल नेहमीच्या निम्मं, सोबत दूध. इतक्या सकाळी त्याच्या घशाखाली घास उतरत नसेल (भीतीने बऱ्याच मुलांचा उतरत नाही) तर जबरदस्ती करू नका. दोन केळी, पेलाभर दूध आणि दोन चमचे दही मिक्सरमधून काढून द्या, पिऊन टाकेल. सामन्याच्या तासभर आधी एक केळं किंवा चार-पाच खजूर, त्यानंतर फक्त पाण्याचे घोट.

पहिला सामना संपल्यावरचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. मुलं तेव्हा गप्पांत असतात आणि भूक नाही म्हणतात. त्याच वेळी चॉकलेट दूध हातात द्यायचं, साधारण ४०० मिलि. साखर आणि प्रथिनं दोन्ही मिळतात, चावावं लागत नाही. कोरडे कपडे घातले की वाटीभर दहीभात किंवा जॅम सँडविच. दहीभात एस्कीत (थंड डब्यात) बर्फाच्या विटेशेजारी ठेवा आणि मोहरी-कढीपत्त्याची फोडणी जरा हात राखून घाला. तुपात भाजलेले पराठे, साबुदाणा वडे, बाकरवडी हे सगळं दिवसाच्या शेवटच्या सामन्यानंतर. तेव्हा किती का खाईना.

इथे आपल्या घरांतून हमखास होणारी एक चूक सांगतो. शेंगदाण्याची चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, दाण्याची चटणी लावलेलं सँडविच कौतुकाने संघाच्या तंबूत वाटलं जातं. संघात वीस-बावीस मुलं असतात आणि त्यांतल्या एखाद्याला दाण्याची अॅलर्जी असणं अगदी शक्य आहे. मॅनेजरला विचारल्याशिवाय शेंगदाणा, काजू, बदाम यातलं काही तंबूत न्यायचं नाही. तुमच्या मुलाने स्वतः खाल्लं तरी हात धुवायचे, कारण पाण्याच्या बाटल्या सगळ्यांच्या हातात फिरतात. वाटायचंच असेल तर संत्र्याच्या चार-चार फाका करून न्या. मध्यंतराला संत्री देणं ही इथल्या मैदानांवरची जुनी रीत आहे आणि बादलीभर फाका चिरणारी आई मॅनेजरला देवासारखी वाटते. कॅन्टीनमध्ये सकाळी बेकन-एग रोल, दुपारी सॉसेज. 'नुसतं अंडं द्या' म्हणालात तरी ते त्याच तव्यावर भाजलेलं असतं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा आणि त्यांचा चहाचा थर्मास घरूनच भरा.

जूनमध्ये सिडनीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. पश्चिम भागातल्या मैदानांवर सकाळी गवतावर दव असतं. आठच्या आधी तुम्ही तिथे असाल, कारण सामन्याच्या ४५ मिनिटं आधी वॉर्मअप सुरू होतो आणि पार्किंगला वेळ लागतो. आजी-आजोबांना पाठीची घडीची खुर्ची, लोकरीचे पायमोजे, गुडघ्यांवर शाल आणि पायाखाली पुठ्ठा. थंडी चढते ती ओल्या जमिनीतून. खुर्च्या दोरीच्या मागे, गोलखांबांच्या मागच्या भागात अजिबात नाहीत. तिथे मुलं पूर्ण वेगाने घसरत येतात आणि सत्तरीच्या माणसाला उठून बाजूला व्हायला सवड मिळत नाही.

मुलाच्या पिशवीत मोज्यांच्या दर सामन्याला एक याप्रमाणे जोड्या, दोन शॉर्ट्स, टॉवेल, मोठी कचऱ्याची पिशवी (चिखलाचं सगळं त्यात) आणि जुनी वर्तमानपत्रं. बूट ओले झाले की आतली सोल काढायची, कागदाचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. हीटरसमोर ठेवलेत तर चामडं आखडतं, तळव्याचा गोंद सुटतो आणि रविवारी दुसऱ्या हाफमध्ये तळवा जबड्यासारखा उघडतो. बुटाच्या तळाला स्क्रूचे स्टड (खुंटे) असतील तर रोज सकाळी चावीने आवळा. स्टडची लांबी २१ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. एखादा झिजून त्याला धारदार कड आली असेल तर सामन्याआधी तळवे तपासताना रेफरी ते बूट घालू देत नाही, म्हणून दोन-चार जादा स्टड जवळ असू द्या. नखं शुक्रवारी रात्री कापा.

दागिन्यांवर नियमाने बंदी आहे. गळ्यातली चेन, कानातली बाळी, बोटातली अंगठी हे सगळं काढायचं, वरून पट्टी चिकटवून भागत नाही. मनगटावरचा देवाचा धागा बहुतेक रेफरी उतरवायला लावतात, कारण त्यात दुसऱ्याचं बोट अडकतं. सासूबाईंनी मुद्दाम बांधलेला असेल तर मैदानावर घाईत कात्री लावण्यापेक्षा घरीच सोडून देव्हाऱ्यात ठेवा. त्यांना वाईट वाटणार नाही.

माउथगार्ड उकळून चावायचा असेल तर तो आधीच नीट बसवलेला हवा. तोंड उघडल्यावर खाली पडत असेल तर तो बसलेला नाही. दातांना ब्रेसेस असतील तर दंतवैद्याकडून करून घ्या. धुवायचा थंड पाण्याने, गरम पाण्यात आकार बिघडतो. स्क्रम कॅप (डोक्याची मऊ टोपी) हूकरला उपयोगी आहे, पण कानांसाठी. त्याने मेंदूची इजा टळत नाही, हे मनावर कोरून ठेवा. कॅप असल्यामुळे मुलगा जास्त बेधडक डोकं घालत असेल तर उलट तोटाच. कानाची वरची कड मऊ फुगली तर आत रक्त साचलंय असं समजा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. तसंच राहिलं तर ते घट्ट होतं आणि कान कायमचा वेडावाकडा होतो.

आता डोक्याबद्दल. इथे मी लांबण लावणार आहे, कारण या एका बाबतीत घरच्यांची नजर कोचच्या नजरेपेक्षा जास्त कामाची असते.

मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बहुतेक मुलं पडतच नाहीत. लांबून दिसतं ते असं: टॅकलनंतर (पकडीनंतर) उठायला उशीर, उठल्यावर दोन पावलं तिरकी, हात डोक्याकडे, चुकीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, डोळे रिकामे. तुमचा मुलगा हूकर आहे, म्हणजे लाइनआउटला (चेंडू कडेबाहेर गेल्यावर तो परत आत फेकतात तेव्हा) चेंडू फेकणाराही बहुधा तोच. नेहमी सरळ फेकणारा पोरगा सलग दोन वाकडे फेकतो किंवा फेकायला जायचं विसरतो, हे आईला पहिलं कळेल. कळलं की मॅनेजरकडे किंवा प्रथमोपचारवाल्याकडे जा. मैदानात धावत जाऊ नका, पण सामना संपेपर्यंत थांबूही नका. शंका पुरेशी आहे. रेफरीला तशी लक्षणं दिसली तर तो निळं कार्ड दाखवतो. ते दाखवलं की खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत येणं नाही आणि पुढचा रस्ता डॉक्टरमार्फतच.

बाहेर आल्यावर त्याला मराठीतच विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचे गुण कोणी केले? याआधीचा सामना कोणाशी होता? आपण जिंकलो का? एक जरी उत्तर चुकलं तर प्रश्न मिटला, तो खेळणार नाही. सगळी बरोबर आली तरी तेवढ्यावर सुटका नाही. मुलं हुशार असतात, धक्का बसूनही उत्तरं देतात. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, दोन-दोन दिसणं, मान दुखणं, हातापायाला मुंग्या किंवा जोर न राहणं, झटका, बेशुद्धी, जास्तच गुंगी किंवा चिडचिड यांपैकी काहीही दिसलं तर ०००ला (इथल्या आणीबाणीच्या नंबरला) फोन. मान दुखत असेल तर त्याला हलवू नका, उठवून बसवू नका, कॅपही ओढून काढू नका. हे करणाऱ्यांत प्रेमळ नातेवाईकच पुढे असतात.

यातलं काही नसलं तरी पहिले तीन तास एकटं सोडायचं नाही. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचं नाही. पुढचे एक-दोन दिवस फोन-गेम कमी, घरात हलकं फिरणं चालेल. लक्षणं संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशीही उगवतात. दुपारी ठणठणीत असलेला मुलगा रात्री दिव्याचा त्रास होतो म्हणाला तर तेही त्यातच धरायचं.

परत खेळण्याबद्दल ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४च्या सूचना १९ वर्षांखालील मुलांसाठी स्पष्ट आहेत. सगळी लक्षणं गेल्यानंतर १४ दिवस अंगाला अंग भिडणारा सराव नाही, आणि दुखापतीनंतर किमान २१ दिवस सामना नाही. म्हणजे शनिवारी डोक्याला लागलं तर सोमवारची फायनल गेली. मुलांना हे गणित तोंडपाठ असतं. म्हणूनच ती लपवतात, आणि फायनल जितकी जवळ तितकी जास्त लपवतात. यावर एकच उपाय आहे आणि तो शुक्रवारी रात्री करायचा. जेवताना मिस्टरांनी (तुम्ही नव्हे, त्यांनीच) सांगायचं, "डोक्याला लागलं तर स्पर्धा संपली. आम्ही कोचशी वाद घालणार नाही, तुझ्यावर चिडणार नाही, आणि सोमवारी सगळे तुझ्या संघाची फायनल बघायला जाऊ." हे ऐकलेला मुलगा सांगण्याची शक्यता बरीच जास्त.

हूकरच्या मानेचंही असंच. स्क्रमनंतर मान आखडली, खांद्यापासून बोटांपर्यंत वीज गेल्यासारखं झालं, हात थोडा वेळ जड पडला असं तो म्हणाला तर त्या दिवशी पुढच्या फळीत उभं राहायचं नाही.

मुरगळणं, मुका मार यासाठी बर्फ १५-२० मिनिटं, मध्ये कापड ठेवून, दर दोन तासांनी, आणि पट्टी. सासूबाई रात्री कोमट तेलाने चोळायला बसतील. त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. पहिले ४८ तास चोळणं, शेक, गरम पाण्याची पिशवी काही नाही. आत रक्त वाहत असतं, चोळल्याने ते वाढतं आणि सकाळी घोटा दुप्पट होतो. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं तेल चालेल.

आता मिस्टरांचं ओरडणं. शिष्टाचाराचा मुद्दा मॅनेजरने सांगितलाच आहे, मी खेळाचं सांगतो. हूकर बहुतेक वेळ माणसांच्या ढिगात असतो, त्याला काही दिसत नाही. त्याला हलवतो तो ९ नंबरचा, म्हणजे ढिगातून चेंडू उचलून पुढे देणाऱ्याचा, आवाज. त्या क्षणी बापाचं मराठीतलं "सोड, सोड, पास कर!" हे मुलाच्या कानात ९ नंबरच्या आधी शिरतं, कारण तो आवाज तो जन्मापासून ऐकतोय. अर्धा सेकंद तो दोघांच्या मध्ये अडकतो आणि चेंडू जातो. दुसरं, बरेच बाप "वरून पकड" असं ओरडतात. ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक पातळीवरच्या रग्बीत २०२४पासून टॅकल छातीच्या हाडाच्या खालीच करण्याचा नियम प्रायोगिक म्हणून लागू झाला. वडिलांच्या सल्ल्याने मुलगा पेनल्टी देणार, कदाचित पिवळं कार्डही घेणार. आपण मराठीत ओरडतो, कोणाला काय कळतंय, हाही भ्रम आहे. शब्द कळत नाहीत, सूर कळतो. ग्राउंड मार्शल हा जाकीट घातलेला माणूस त्या सुरावरूनच चालत येतो.

त्यांना गप्प बसा म्हणून ते बसणार नाहीत, हातांना काम द्या. पाण्याच्या बाटल्या भरणं, तंबूचे खुंटे ठोकणं, आजोबांना खेळ समजावणं. ओरडायचं असेल तर गोष्ट घडून गेल्यावर: चांगला टॅकल, चांगला थ्रो, समोरच्या संघाचा असला तरी. गोलावर किक घेणारा उभा राहिला की पूर्ण शांतता. रेफरीबद्दल शून्य शब्द. तो बऱ्याचदा स्वतःच सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असतो.

आजोबांना समजावण्यासाठी थोडी तयारी. आधी त्यांनी यूट्यूबवर काय पाहिलंय ते विचारा. पॅरामॅटाच्या परिसरात राहता म्हणजे तिथल्या ईल्स क्लबचे सामने त्यांच्या डोळ्यांखालून गेले असतील. तो रग्बी लीग, १३ जणांचा, सहा टॅकलनंतर चेंडू समोरच्याला देण्याचा. तुमचा मुलगा खेळतो ते युनियन, १५ जणांचं. पकड झाली तरी खेळ थांबत नाही, पडलेल्याने चेंडू सोडायचा आणि दोन्हीकडचे त्याच्यावरून एकमेकांना रेटत तो मिळवतात. साताऱ्याच्या माणसाला पकड म्हणजे काय हे शिकवायला नको, फक्त एवढं सांगा की इथे पकडलेला बाद होत नाही. पास फक्त मागे किंवा आडवा. हातून निसटून पुढे पडला तर स्क्रम. रेफरी "क्राउच, बाइंड, सेट" म्हणतो तेव्हा त्यांनी २ नंबरकडे बघावं. दोन प्रॉपच्या खांद्यांवर हात टाकून लोंबकळणारा, पायाने चेंडू मागे ओढणारा, तो तुमचा नातू. १९ वर्षांखालील नियमांत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, हे आजींनाही सांगा, जरा धीर येईल. ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे) ५ गुण, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे ३.

आणि हा परदेशी खेळ आपल्याला काय कळणार असं आजोबा म्हणाले तर त्यांना कलकत्ता कप सांगा. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या चषकासाठी खेळतात तो कलकत्त्याच्या रग्बी क्लबच्या पैशातून घडवलेला आहे. क्लब बंद करताना बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि ते २७० रुपये वितळवून चषक केला, नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. पहिला सामना १८७९चा.

जाता जाता एक शब्द. इथे जिल्हा निवड संघाला बोलताना जे लघुरूप ('rep', म्हणजे representative) वापरतात ते देवनागरीत लिहून साताऱ्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मावशी-आत्या दचकतील. 'जिल्हा संघ' पुरे.

बाकावर बसण्याची भीती तुमची आहे की मुलाची, ते आधी तपासा. सगळ्यांना सारखा वेळ हा क्लबच्या शनिवारच्या सामन्यांचा नियम असतो. जिल्हा संघाला तो लागू असेलच असं नाही, शेवटच्या दिवशी तर नाहीच. स्पर्धेचं नियमपत्रक मॅनेजरकडे असतं. कमीत कमी खेळण्याचा वेळ ठरलेला आहे का, बदली खेळाडू परत आत येऊ शकतो का, एका डावाला मिनिटं किती, बरोबरी झाली तर काय, हे चार प्रश्न या आठवड्यातच त्यांना लिहून विचारा. बरोबरीचं विचारायचं कारण असं की १९ वर्षांखालील नियम जादा वेळ खेळू देत नाहीत. त्यामुळे निकाल ट्रायच्या संख्येवर लागतो की चषक दोघांत वाटतात, हे आयोजक ठरवतात, आणि फायनलच्या शिट्टीनंतर त्यावरून जी भांडणं होतात ती पत्रक न वाचणाऱ्यांचीच असतात. 'फायनल' ही कपची आहे की प्लेट वा बोलची, तेही बघा. साखळीत मागे पडलेल्यांचीही सोमवारी फायनल असू शकते, आणि आजोबांनी तोवर सगळ्या साताऱ्याला कळवलेलं असेल.

बाकावरचा हूकर हा उरलेला मुलगा नसतो. पुढच्या फळीत फक्त त्या जागेचं शिक्षण घेतलेलाच उभा राहू शकतो. तसा मुलगा शिल्लक नसेल तर स्क्रम विनास्पर्धा होतात, कोणी ढकलत नाही आणि ताकदवान फळीचा संघ हातातलं शस्त्र गमावतो. म्हणून कोच दुसरा हूकर जपून ठेवतो. मुलाला एवढंच सांगा, आणि बाकावर काय करायचं ते: जाकीट अंगात, दर दहा मिनिटांनी उठून कडेला दोन फेऱ्या, खांदे फिरवणं, आणि परवानगी असेल तर मागच्या बाजूला कोणाला तरी उभं करून दहा-बारा लाइनआउट थ्रो. वीस मिनिटं थंड बसलेला हूकर आत जाऊन पहिला थ्रो वाकडा टाकतो आणि सगळे म्हणतात, दडपण आलं. दडपण नव्हे, खांदा गार पडलेला असतो.

त्या दिवशी कोचशी खेळण्याच्या वेळेबद्दल बोलायचं नाही, कितीही चुकीचं वाटलं तरी. एक रात्र जाऊ द्या, मग मॅनेजरमार्फत लिहा. परतीच्या गाडीत मुलाला तीनच प्रश्न: डोकं दुखतंय? मळमळतंय? उजेडाचा त्रास होतोय? सामन्याचं तो काढेल तेव्हा. जर्सी बहुधा जिल्ह्याची असते, परत करायची असते. थंड पाण्यात चिखल सोडवा, मशीनमध्ये थंडच धुवा, ड्रायरमध्ये टाकू नका.

मुलीचा क्लास बुडवू नका. रविवारी तिला तुम्ही न्या, मुलासोबत मिस्टर आणि आजोबा राहू देत. एका सामन्याला आई नसली तर त्याचं बिघडत नाही, आणि दोन दिवस भावाच्या मैदानावर थंडीत काढलेल्या मुलीचं तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं तर तिची चूक नाही. तुम्ही नसताना मिस्टर गप्प राहतात का, एवढा अहवाल आजोबांकडून घ्या. सोमवारी मात्र सगळे जा. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून एकमेकांना टाळ्या देत बाहेर येतात, त्या वेळी आजीला खुर्चीवरून उठवून दोरीपाशी आणा. चिखलात सगळी पोरं सारखीच दिसतात, तिला पाठीवरचा २ नंबर आधीच दाखवून ठेवा.